गौरीच्या जेवणात आईचं पान: एका घरचं प्रकरण

मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. घरच्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांना नावांऐवजी नात्यांनीच संबोधलं आहे. तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण पंचांगातला दिवस आणि नोकरीतली सुट्टी यांचा मेळ न बसणं हाच इथं निम्मा प्रश्न होता.

पार्श्वभूमी

आई माझ्याकडे आल्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. सासूबाई १९८९ साली गेल्या, तेव्हापासून घरच्या गौरी त्यांच्या हातात. दोन उभ्या गौरी, पितळी मुखवटे, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेले. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पहिल्या दिवशी भाजी-भाकरी आणि दुसऱ्या दिवशी पुरणावरणाचा महानैवेद्य. गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत घरात असतो.

मुलं तीन. थोरला पुण्यात नोकरीला. त्याची बायको बँकेत, दोन मुलं शाळेत. मधली लेक नाशिकला दिलेली. धाकटा बंगळूरला, त्याची बायको रत्नागिरीकडची. म्हणजे वर्षभर घरात आई आणि वडील दोघंच, आणि गौरीच्या तीन दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची.

पूजनाच्या दिवशीचा स्वयंपाक मी त्यांच्या तोंडून ऐकला आहे. पुरणपोळी, कटाची आमटी, वरणभात, सोळा भाज्या, पंचामृत, दोन कोशिंबिरी, ओल्या खोबऱ्याची चटणी, ज्वारीची आंबील, कढी, कांदा न घालता केलेली भजी, तळलेल्या कुरडया, गव्हल्यांची खीर. दीड किलो हरभऱ्याची डाळ, तेवढाच गूळ, साठेक पोळ्या. त्याशिवाय गौरीपुढं मांडायचे लाडू, करंज्या, चकल्या हे सगळं आदल्या आठवड्यात झालेलं.

हे सगळं एका वहीत आहे. लाल कापडी पाठीची जुनी हिशेबाची वही. दरवर्षी एक पान. वर साल, खाली सामान, मापं, कुठल्या दुकानातून काय आणलं, पुरण सैल झालं की घट्ट, आणि सगळ्यात खाली एक ओळ: ‘पानं’ आणि आकडा. म्हणजे त्या दिवशी जेवायला किती माणसं. बाजूला बारीक अक्षरात कोण कोण ते. मी ती वही तासभर चाळली. १९९४च्या पानावर तुपाचा डाग आहे आणि ‘धाकट्याला आंबील आवडली, वाटी पुन्हा मागितली’ असं लिहिलेलं आहे.

काय बिघडलं

डिसेंबर २०२१मध्ये वडील गेले. पुढचं वर्ष घरात सण नव्हता. २०२२चं गौरीपूजन नेमकं रविवारी, ४ सप्टेंबरला आलं होतं. सगळ्यांना सुट्टी होती आणि गौरी बसल्या नव्हत्या.

२०२३ला पूजन शुक्रवारी, २२ सप्टेंबरला. थोरला गुरुवारी ऑफिस उरकून निघाला आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे अडकला. सगळी मंडळी रात्री दीडला घरी पोचली. धाकटा आणि त्याची बायको बंगळूरहून रात्रीच्या बसनं शुक्रवारी सकाळी आली. आई पहाटे चारला उठल्या होत्या. गुडघ्यांनी दोन वर्षांपासून त्रास दिलेला, तरी डाळ शिजवणं, पुरण वाटणं, कणीक तिंबणं त्यांनी कुणाला करू दिलं नाही. थोरली सून सोबत होती, पण तिच्या वाट्याला वरवरची कामं आली, आणि मध्येच तिला बँकेतून फोन येत राहिले.

पहिली पंगत दीडला बसली. गुरुजी, सवाष्ण, चुलत दीर-जाऊ, वडिलांचे दोन मित्र, शेजारचं जोडपं, दोन मुलगे, नातवंडं. आई तव्यापाशी. एकेक पोळी तव्यावरून थेट पानात, हा त्यांचा नेम. पावणेचारला बायकांची पंगत. थोरली सून फोन कानाला लावून उभ्या उभ्या जेवली. साडेचारला धाकट्याची बस होती. सहाला थोरली सून मागच्या मोरीवर गेली तर आई पुरणयंत्राच्या जाळीतलं पुरण सुईनं काढत बसल्या होत्या. त्या जेवल्याच नव्हत्या. तिनं आमटी-भात कालवून दिला, तो त्यांनी चार घासांत संपवला. रात्री त्यांना चक्कर आली, रक्तदाब वाढलेला निघाला, डॉक्टरांना बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झाल्यावर वाद झाला. थोरली सून म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी मला हे असं जमणार नाही.’’ थोरला म्हणाला, ‘‘आई, गौरी पुण्याला आणू. तिथं सगळं तयार मिळतं.’’ आई काहीच बोलल्या नाहीत. मात्र दिवाळीच्या आधी त्यांनी तिन्ही मुलांना फोन करून सांगितलं, यंदा येऊ नका, मला झेपत नाही.

तीस-पस्तीस वर्षं दार उघडं ठेवणाऱ्या बाईनं दिवाळीला येऊ नका म्हणावं, हे लेकीला सहन झालं नाही. जानेवारी २०२४मध्ये तिनं मला फोन केला.

कुणाचं म्हणणं काय होतं

लेकीनं मला सांगितलं ते असं: वहिनीला सण नको आहे, दादा तिच्या शब्दाबाहेर नाही, आणि आई एकटी पडली आहे. मी ते खरं धरलं. पुढं त्याबद्दल लिहिते आहे.

थोरल्या सुनेशी मी बोलले ते एप्रिलमध्ये. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिला येणारी-जाणारी सांगायची, ‘‘पुढं हे तुलाच बघायचंय.’’ बघायचंय, पण शिकवत कुणी नव्हतं. पुरणाला हात लावला की आई म्हणायच्या, ‘‘राहू दे, सैल होईल.’’ २०२३ला तिनं दोन दिवसांची बिनपगारी रजा घेतली होती, हे नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. तिचं एक वाक्य मी तसंच उतरवून ठेवलं: ‘‘मला गौरी नकोत असं नाही. मला एकटीला नकोत.’’

धाकट्याची तक्रार वेगळीच. ‘‘मी गेलो की मला पाहुण्यासारखं पाटावर बसवतात. बंगळूरला रोज पोळ्या मी करतो. इथं लाटणं घेतलं तर आई हातातून काढून घेते.’’ त्याच्या बायकोच्या माहेरी तेरड्याची गौर असते आणि नैवेद्याला घावन-घाटलं. या घरात आल्यावर तिला वाटलं, आपल्याला गौरीतलं काहीच येत नाही. दोन वर्षं तिनं फक्त कोथिंबीर निवडली होती.

आणि लेक. तिच्या सासरीही गौरी आहेत. म्हणजे लग्न झाल्यापासून अठरा वर्षांत तिनं माहेरचं गौरीचं जेवण एकदाही जेवलेलं नाही. गौर ही तीन दिवसांची माहेरवाशीण, असं आपण म्हणतो. ‘गौरी आली, सोन्याच्या पावली’ म्हणत तिला उंबरठ्यातून आत घेतो. या घरात दरवर्षी ती माहेरवाशीण यायची तेव्हा घरची लेक दुसऱ्या गावात दुसऱ्या गौरींचं पुरण वाटत असायची. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

आईंना बोलतं करायला दोन बैठका लागल्या. दुसऱ्या बैठकीत आम्ही वही उघडून बसलो. २०२३च्या पानावर होतं: ‘पानं १४’. मी नावं मोजली. थोरल्याकडचे चार, धाकट्याकडचे दोन, चुलत दीर-जाऊ, गुरुजी, सवाष्ण, दोन मित्र, शेजारचे दोघं. चौदा झाले. मी विचारलं, ‘‘यात तुमचं पान कुठलं?’’

त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा यादी पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘माझं कशाला धरायचं? मी असतेच की.’’

मी मागची पानं उलटली. १९८९पासून एकाही वर्षी त्यांनी स्वतःला मोजलेलं नव्हतं. तिथं मला या घराचा प्रश्न कळला. मुलं जेवणाच्या तारखेवरून, जागेवरून, पदार्थांवरून भांडत होती. आणि ज्या जेवणासाठी भांडण चाललं होतं ते आई आणि मुलं एकत्र बसून कधी जेवलीच नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या बैठकीत अर्धवट आली. वडील गेल्यावर चुलत जाऊबाईंनी सांगितलं होतं की आता मुखवटे थोरल्या सुनेनं आणावेत, हळदीकुंकू तिनंच वाहावं. २०२३ला म्हणूनच आई पूजेच्या वेळी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नव्हत्या. पहाटे चारपासून संध्याकाळपर्यंत तव्यापाशी उभं राहण्यामागं हेही होतं. मला ते तेव्हाच धरायला हवं होतं.

समोर असलेले पर्याय

आहे तसंच चालू ठेवायचं आणि हाताखाली बाई ठेवायची, हा पहिला पर्याय आईंचा. भांडी, निवडणं, किसणं यासाठी बाई चालेल. चुलीपाशी मात्र त्याच. यानं गुडघ्यांचा भार थोडा हलका झाला असता, पण बाकी काहीच बदललं नसतं. तो लवकरच मागं पडला.

गौरी पुण्याला नेणं, हा थोरल्याचा पर्याय. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच होतं. आईंचा प्रवास एकदाच, मुलांच्या शाळा बुडत नाहीत, सुनेला एका दिवसाच्या रजेत भागतं, डॉक्टर जवळ. अनेक घरांनी कुळाचार असाच शहरात हलवला आहे आणि तो तिथं नीट चालतोही. पण आईंना विचारलं, गौरी पुण्याला गेल्या तर तुम्ही काय कराल? तर म्हणाल्या, ‘‘मी पाहुणी म्हणून जाईन.’’ थोरली सूनही हे ऐकत होती. तिनंच आधी मान हलवली. गौरी तिच्या घरी आल्या की त्या कायमच्या तिच्या एकटीच्या होतील, ही भीती तिलाही होतीच. दोघींची कारणं वेगळी, उत्तर एकच. ‘आत्ता नको’ असं ठरलं.

बाहेरून जेवण मागवणं. पुरणपोळ्या गावातही विकत मिळतात, महिला बचत गटाच्या बायका चांगल्या करतात. आईंचा नकार नैवेद्यापुरता होता. फराळाचं विकत आणायला त्यांची हरकत नव्हती. हे मला आधी कळलं नव्हतं, कारण कुणी त्यांना वेगवेगळं विचारलंच नव्हतं. ‘विकतचं चालेल का?’ एवढंच विचारलं की उत्तर ‘नाही’ येणार.

गौरी बंद करणं हा शब्द धाकट्यानं एकदा उच्चारला. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो विषय तिथंच थांबला.

शेवटचा पर्याय म्हणजे पूजा आणि जेवण वेगळं करणं. पूजा नक्षत्रावर, घरातल्या घरात, लहान नैवेद्य. आणि सगळ्यांचं जेवण सुट्टीच्या दिवशी. हा लेकीनं मांडला. आई म्हणाल्या, ‘‘गौरी गेल्यावर कसलं गौरीचं जेवण?’’ हा आक्षेप खरा होता. त्यावर मी काही बोलणं बरोबर नव्हतं, म्हणून घरच्या गुरुजींना विचारायचं ठरलं. त्यांनी सांगितलं की आवाहन-पूजन-विसर्जन नक्षत्रावर हवं, त्यात तडजोड नाही. नैवेद्य मात्र शक्तीप्रमाणे. संकल्पातच ‘यथामिलितोपचारद्रव्यैः’ म्हणजे जे मिळालं त्या द्रव्यांनी असं म्हणतात, दरवर्षी तुमच्याच घरी म्हणतो. सोळा भाज्या सोळा पातेल्यांत हव्यात असंही नाही. सोळाही एकत्र चिरून एक भाजी करणारी घरं कितीतरी आहेत.

काय ठरलं

जुलै २०२४मध्ये एका रविवारी सगळे बसले, धाकटा आणि त्याची बायको व्हिडिओ कॉलवर. २०२४चं पूजन बुधवारी, ११ सप्टेंबरला होतं. मधल्या वारी सगळ्यांना येणं अशक्य. पुढचा रविवार १५ सप्टेंबर. अनंत चतुर्दशी १७ला, आणि लगोलग पितृपक्ष सुरू. म्हणजे सगळ्यांनी एकत्र गोडाचं जेवायला तो एकच रविवार हाताशी होता. लेकीच्या सासरी गौरींबरोबरच गणपती जातो, त्यामुळे तिलाही तो दिवस मोकळा.

आईंनी बराच वेळ कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाल्या, ‘‘रविवारी गणपती घरात आहे ना? मग त्याला नैवेद्य दाखवू. तो तिचाच मुलगा.’’ हा तोडगा मला सुचला नसता. माझ्या दृष्टीनं या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय हाच, आणि तो आईंनी घेतला.

मी फक्त एक अट मांडली: रविवारी पंगत एकच. जेवताना तव्यापाशी कुणीही उभं राहणार नाही. यावर आई अडल्या. पोळी तव्यावरचीच हवी. नाशिकहून लेक म्हणाली, ‘‘आई, दुसऱ्या दिवशीची शिळी पुरणपोळी मला जास्त आवडते, हे तुला माहीत आहे.’’ शेवटी ठरलं की पोळ्या सकाळीच करून मलमलच्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि वर तूप गरम वाढायचं.

काय केलं

बुधवारचं पूजन लहान झालं. थोरली सून मंगळवार-बुधवार रजा घेऊन एकटी आली. पाव किलो डाळीचं पुरण, सोळा भाज्यांची एकच भाजी, पाच पानं. मुखवटे आत आणायची वेळ मंगळवारी संध्याकाळी आली, तेव्हा तिनं थोरल्या गौरीचा मुखवटा आईंच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘आई, ही तुम्हीच आणा. धाकटी मी आणते.’’ आई दोन पावलं मागं सरल्या. ती तशीच उभी राहिली. मग दोघी ठशांवरून एकामागून एक आत आल्या. हे मी पाहिलेलं नाही, दोघींनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात ते ‘दोन पावलं मागं’ होतं.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. थोरल्या सुनेनं ती बातमी वाचली होती. बँकेतल्या मैत्रिणींत त्यावर बोलणं झालं होतं. पण आपल्या उंबरठ्याशी ते केव्हा करायचं, हे तिनं त्या क्षणी ठरवलं. चुलत जाऊबाई बुधवारी हळदीकुंकवाला आल्या नाहीत.

रविवारची कामं आधीच वाटली होती. पुरण थोरल्या सुनेनं शनिवारी पुण्यात शिजवून, वाटून आणलं. आईंनी डब्याचं झाकण उघडून बोट लावलं, चाखलं आणि म्हणाल्या, ‘‘जायफळ थोडं कमी. पण सैल नाही.’’ शनिवारी रात्री ओसरीवर वर्तमानपत्रं पसरून भाज्या निवडल्या: लाल भोपळा, दोडका, पडवळ, गवार, घेवडा, भेंडी, कारलं, सुरण, अळू, माठ, मका आणि बाकीच्या. सोळा मोजताना मुलांनी दोनदा चुकवल्या. लाडू-चकल्या बचत गटाकडून. पोळ्या रविवारी सकाळी सातपासून धाकटा आणि लेक करत होते. आई खुर्चीवर बसून सांगत होत्या, कड फाटते आहे, पिठी कमी घे. धाकट्याच्या हातातलं लाटणं त्यांनी काढून घेतलं नाही. धाकट्या सुनेनं घावन-घाटलं केलं. सातारकडच्या या पानात ते कधी नव्हतं. आईंनी ते नैवेद्याच्या ताटात खिरीशेजारी वाढलं.

आईंना खाली बसता येत नाही, म्हणून मंडपवाल्याकडून दोन टेबलं आणून जोडली. सगळं मध्ये मांडलं. वाढायचं काम दोघा भावांकडं, पण तेही एक फेरी वाढून बसणार. दुपारी साडेबाराला दहा पानं मांडली. आई चार वेळा उठल्या: एकदा मीठ आणायला, एकदा कुरडया झाकायला, एकदा गॅस पाहायला, एकदा कशालाच नाही. चौथ्या वेळी लेकीनं त्यांचा हात धरला. ‘‘आई, बस.’’

त्या भरभर जेवत होत्या, उभ्यानं जेवायची सवय असलेलं माणूस जेवतं तशा. पंधरा मिनिटांत त्यांचं पान रिकामं झालं आणि त्या इकडंतिकडं पाहू लागल्या. तेव्हा थोरल्यानं डब्यातून पोळी काढली. ‘‘आई, अजून एक.’’ नको नको. ‘‘निम्मी तरी.’’ नको रे. नातीनं ती अर्धी करून पानात टाकलीच, वर धाकट्यानं तूप ओतलं. आग्रह करणं ही त्यांची आयुष्यभराची कला. कुणाला ‘नको’ म्हणू न देणं त्यांना यायचं. आग्रह घेणं त्यांना येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि मग हळूहळू काढून घेतले. ती अर्धी पोळी त्यांनी सावकाश खाल्ली.

निष्पत्ती

२०२४च्या दिवाळीला कुणाला ‘येऊ नका’ सांगितलं गेलं नाही. आईंचा रक्तदाब त्या आठवड्यात ठीक राहिला. थोरली सून पुरण करायला शिकली म्हणण्यापेक्षा तिला ते करू दिलं गेलं, असं म्हणणं बरोबर होईल. आईंना मी नंतर विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, ‘‘बरं वाटलं. पण हात रिकामे होते. रात्री झोप आली नाही.’’ चांगल्या बदलातही माणसाचं काहीतरी जातं, आणि ते त्यांना बोलून दाखवता आलं याचं मला समाधान आहे.

२०२५नं ही घडी तशीच राहू दिली नाही. पूजन सोमवारी, १ सप्टेंबरला. अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ला. रविवारी ७ तारखेला पौर्णिमा आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण, दुपारपासून वेध. तो दिवस आईंनी सरळ काढून टाकला. उरला शनिवार, विसर्जनाच्या आधीची दुपार. लेकीच्या सासऱ्यांनी त्या वर्षी प्रथमच गणपती दहा दिवस ठेवला होता, म्हणून तिला निघता आलं नाही. सात पानं. जेवण झालं, एकाच पंगतीत झालं, पण लेकीची खुर्ची मुद्दाम मांडलेली होती आणि सगळ्यांचं लक्ष तिकडं जात होतं. चुलत जाऊबाई अजून येत नाहीत. आई एकदा त्यांच्याकडं प्रसाद घेऊन गेल्या. तो त्यांनी घेतला, बोलणं झालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

थोरल्या सुनेशी मी पहिल्या आठवड्यातच बोलायला हवं होतं. जानेवारी ते एप्रिल मी लेकीच्या डोळ्यांनी हे घर पाहत होते. पहिला फोन करणाऱ्याची बाजू मनात घर करून बसते, आणि इथं लेकीलाही आपल्या वहिनीची बिनपगारी रजा ठाऊक नव्हती. ते तीन महिने वाया गेले.

मुखवट्यांचा विषय आईंनी अर्धवट काढला तेव्हा मी तो ‘संवेदनशील आहे’ म्हणून बाजूला ठेवला. तो निर्णय सुनेनं एकटीनं उंबरठ्यावर घेतला. चांगला घेतला. पण आधी बोलणं झालं असतं तर चुलत जाऊबाईंकडं थोरला स्वतः जाऊन आला असता, आणि आईंना ती दोन पावलं मागं घ्यावी लागली नसती.

एक पंगत ही माझी अट होती. ती त्यांना पटली, तरी अट म्हणून मी मांडायला नको होती. वहीतली यादी सगळ्यांसमोर ठेवली असती तर ती त्यांची त्यांनाच सुचली असती. मी वही दाखवली ती नंतर, परवानगी घेऊन, आणि थोरला तेव्हा बराच वेळ काही बोलला नाही.

आणि एका रविवारवर सगळं उभं करणं नाजूक होतं, हे २०२५नं दाखवलं. आता घरात भाऊबीजेचं बोलणं चाललं आहे. त्या दिवशी लेक येतेच. आई म्हणतात गौरीचं जेवण गौरीलाच. लेक म्हणते मग मला अठरा वर्षं कोण जेवू घालणार. परवा फोन आला तेव्हा दोघी यावरच बोलत होत्या. २०२५च्या पानावर आईंनी लिहिलं आहे: ‘पानं ७, मी धरून.’